अरुणकुमारनं तराजूला दिलेलं मानपत्र

हे बघ, मधी बोलू नको. चहा थंड झाला तर होऊ दे, दुसरा सांगू. आधी पुरतं ऐक, मग काय म्हणायचं ते म्हण.

आपला अरुणकुमार ठाऊक हाय न्हवं? बसवकल्याणच्या मार्केट यार्डात बसलिंगप्पा अण्णांच्या अडतीवर कॉम्प्युटर चालवतो, तोच. शेतकऱ्याचं सोयाबीन आलं, तूर आली, की वजन टाकायचं, हिशोबाची पट्टी काढून द्यायची, एवढंच तेचं काम. पर तेचं नाव झालंय ते मानपत्रानं! अख्ख्या तालुक्यात मानपत्र लिहावं तर अरुणकुमारनं. मास्तर रिटायर झाला, बोलवा अरुणकुमारला. सोसायटीला नवा चेअरमन आला, बोलवा अरुणकुमारला. एक हेडमास्तर तीस वर्षं खुर्चीत झोपा काढून घरी गेला, तेला बी ह्या पठ्ठ्यानं 'अखंड तेवणारा ज्ञानदीप' करून टाकलं! आन मानपत्र वाचतंय कोण? खाली सह्या ठोकायच्या, फ्रेम हातात द्यायची, फोटो काढायचा आन पंगतीला बसायचं. तेच्या जिवावर हे गडी स्वतःला लई मोठं लेखक समजत व्हतं.

तर हे एक दिवस मुडबीला आत्याकडं गेलं. छाती अशी फुगवली की शर्टाचं बटन तुटायचंच बाकी! म्हणलं, "आत्या, तुझी भाकरीची मशीन आता मी आणतो. एक न्हाई, दोन!"

आत्या म्हणजे मल्लव्वा. तिचा नवरा शिवशंकर, सायकलवरनं हुमनाबाद रोडला चाललता, ट्रकनं उडवलं. जागेवर खलास. नुकसानभरपाईची केस नऊ वर्षं चालली. नऊ वर्षं मल्लव्वानं कडक भाकरी थापून घर चालवलं. ज्वारीच्या, पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या. कलबुर्गीच्या एका खानावळीला रोज दोनशे जायच्या. थापून थापून उजवं मनगट असं सुजलं की हात कोपरापासनं एकसारखाच दिसायचा. डॉक्टरनं सांगितलं, "अजून एक वर्ष थापल्या तर हातात पेला बी धरता यायचा न्हाई." आन मग एकदाची भरपाई आली. बरोबर एक भाकरीची मशीन आन वर पत्र्याचं शेड, एवढीच. जास्त न्हाई, कमी न्हाई.

"दोन कशा येतील रे?" आत्या म्हणली. "पैसे तर एकीचेच हैत."

"सहा महिने माझ्याकडं दे. तराजूचे शेअर घेतो."

"तराजू म्हणजे?"

"आमच्या दुकानातलं सॉफ्टवेअर गं! कर्नाटकात जा, महाराष्ट्रात जा, तेलंगणात जा, कुठल्या बी यार्डात तेच. दुसरं न्हाईच! जिथं दुसरं कुणी न्हाईच, तिथं तेचा शेअर पडंल कसा?"

"दुसरं कामून न्हाई?"

"अगं, तेच तर तेचं बळ हाय!"

म्हातारीनं पोरगं शिकलेलं हाय म्हणून पासबुक दिलं. तिनं इचारलेला सवाल किती मोलाचा व्हता ते अरुणकुमारला लई उशिरा कळलं. दिल्लीत लोक तेच इचारायचा पगार घेत्यात!

आता हे शेअरचं खूळ तेच्या डोक्यात घातलं कुणी? सिद्धलिंगनं. बस स्टँडजवळ तेचं मोबाईलचं दुकान हाय. दिवसभर शेअर बाजाराचे व्हिडिओ बघतो, ते बी दुप्पट वेगानं. त्यामुळं बोलतो बी तसाच. समोरच्याला आधी दम लागतो, मग अर्थ लागतो.

दोन महिने झकास गेले. शेअर चढला. अरुणकुमार फोनवर आत्याला सांगायचा, "एक मशीन आन दुसरीची चाकं आली!" आन एक दिवस सिद्धलिंग पळतच यार्डात आला.

"केस झाली! केस झाली!"

"कुणावर?"

"तराजूवर! हुबळीच्या एका बारक्या कंपनीनं दिल्लीला स्पर्धा आयोगाकडं तक्रार केली. म्हणं तराजू आपल्या जोरावर दुसऱ्या कुणाला यार्डात पायच ठेवू देत न्हाई. शेअर उतरायलाय. शेड गेलं बघ तुझ्या आत्याचं!"

"मग आता?"

"ऐक. एक्स्पर्ट लोक म्हणायलेत, तीनपैकी एक व्हईल. नुसता दंड झाला तर कंपनी तो खिशातली चिल्लर फेकल्यासारखा फेकंल, शेअर चार दिवस पडंल आन उठून बसंल. केस लांबली तर कुणाला याद बी ऱ्हायची न्हाई. पर 'गिऱ्हाइकाला मोकळं सोडा, कुलपं उघडा' असा हुकूम आला, तर संपलं. कारण तराजूचा सगळा भाव त्या कुलपांचाच हाय!"

अरुणकुमार हसला. खरंच हसला! म्हणला, "आत्याच्या केसमधी एक ट्रक आन एक सायकल व्हती, तरी नऊ वर्षं लागली. इथं तर अख्खी कंपनी हाय. आपली नातवंडं तारखेला जातील!"

आन शेअर उतरलाय म्हणून आत्यानं भाकरीच्या कमाईतनं मशीन बसवायच्या खर्चाला म्हणून पासबुकात ठेवलेलं जे व्हतं, ते बी हेनं घातलं.

पंधरा दिवसांनी पोस्टमन आला. बसलिंगप्पा अण्णांच्या नावानं जाड पाकीट, दिल्लीचा शिक्का. अण्णांनी लांबूनच बघितलं आन हात मागं घेतला, जणू पाकिटात इंचू बसलाय.

"अरुण, तूच उघड. इन्कम टॅक्सचं असलं तर मी मुडबीला गेलोय म्हण."

उघडलं. आयोगाच्या तपासणीवाल्यांनी यार्डातल्या व्यापाऱ्यांना चार प्रश्न इचारलते. तुम्ही दुसरं सॉफ्टवेअर वापरता का? वाटलं तर बदलू शकता का? काटा कुणाचा वापरता? कंपनीनं दर वाढवला तवा तुम्ही काय केलं?

अरुणकुमारच्या डोक्यात असा उजेड पडला म्हणतोस! तेनं सिद्धलिंगला बोलावून घेतलं.

"सिद्ध्या, आयोग आपल्याला इचारायलाय, तराजू कसं हाय. आता आपण असं काय लिहू, असं काय लिहू, की वाचून दिल्लीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी येईल! केस डिसमिस! शेअर आभाळात!"

"म्हणजे मानपत्रच की!"

"मानपत्रच!"

तेनं लिहायला घेतलं. खाडाखोड न्हाई, एकटाकी! तेचा मोबाईलवरचा फोटो माझ्याकडं हाय, ऐक. पहिल्या प्रश्नाला: 'या समस्त बाजारपेठेत तराजू हे एकमेवाद्वितीय आहे. अन्य कुणाचे नावही येथे उच्चारले जात नाही. एकदा हुबळीहून एक तरुण आपले सॉफ्टवेअर घेऊन आला होता. तराजूच्या स्थानिक प्रतिनिधीने त्यास त्याच दिवशी दंडास धरून, अत्यंत आपुलकीने परतीच्या बसमध्ये बसवून दिले.'

दुसऱ्याला: 'तराजूशी आमचे नाते अतूट आहे. सोडून जाण्याचा विचार कुणाच्या मनास शिवला, तरी मागील सात वर्षांचे समस्त हिशोब तराजूच्याच उदरात सुरक्षित असून, सोडून जाणाऱ्यास ते पुन्हा दृष्टीस पडत नाहीत.'

तिसऱ्याला: 'काटाही तराजूचाच. परका काटा जोडल्यास संगणक स्वाभिमानाने तत्काळ बंद पडतो.'

आन चौथ्याला तर हेनं कळसच चढवला: 'तीन वर्षांत दर तिप्पट झाला, तथापि त्रेचाळीसपैकी एकाही अडत्याने हूं की चूं केले नाही. करून जाणार कुठे?'

अगा, हसू नको! लिहून झाल्यावर तेचं तेलाच भरून आलतं. तेला वाटलं, भक्ती म्हणजे हीच!

मग सह्या. आपल्याकडं मानपत्राला सह्या मागितल्या तर कुणी 'कशाला' इचारतंय का? अरुणकुमार कागद घेऊन दुकान दुकान फिरला. चन्नबसप्पा काका तूर चाळायलते, तेनी वर बी बघितलं न्हाई.

"सत्कार कुणाचा रे?"

"तराजूचा, काका."

"बरं. शिक्का बी मारू का?"

"मारा की!"

"जेवण कवा हाय?"

"कळवतो."

त्रेचाळीस दुकानं, त्रेचाळीस सह्या, त्रेचाळीस शिक्के! बसलिंगप्पा अण्णांनी तर सही करून वर इचारलं, "हार किती सांगायचे?" सिद्धलिंगनं मोबाईलवर सगळ्याचं हिंदी करून घेतलं. अक्षर अन् अक्षर बरोबर झालं. तिथं काय तरी चूक झाली असती तर लई बरं झालं असतं! रजिस्टर पोस्टानं पाकीट गेलं.

पुढं सगळं गप्प. सहा महिने गेले, आठ गेले. बाजाराला वाटलं केस थंड झाली, शेअर परत चढला. "आता विक आन मशीन आण," आत्या म्हणायची. अरुणकुमार म्हणायचा, "दीड मशीन झाली आत्या, अर्धी मशीन घेऊन काय करायचंय? थोडंच थांब." ती थांबली. दोनशे भाकरी रोज थापत थांबली. मनगटाला हळद बांधून थापायची, फडकं पिवळं आन वरनं पीठ.

अकराव्या महिन्यात, दुपारी दोनला, सौदे संपून यार्डात लोक जेवायला बसलते, आन सिद्धलिंगचा फोन आला. पहिल्यांदाच तो हळू बोलायलता.

"अरुण, हुकूम आला."

"दंड?"

"दंड तर हायच. वर कुलपं उघडा म्हणलेत. गिऱ्हाइकाचा हिशोब गिऱ्हाइकाला द्या, काटा कुणाचा बी चालू द्या, तीन महिन्यांत."

"यप्पा! पर कामून? आपण तर एवढं चांगलं लिहिलतं!"

सिद्धलिंग म्हणला, "टीव्ही लाव."

टीव्हीवर एक बाई हिंदीत हुकूम वाचून दाखवायलती. म्हणली, आयोगानं शेकड्यानं जबाब तपासले, पर 'सबसे ठोस' जबाब कर्नाटकातल्या एका छोट्या बाजारातनं आला. त्रेचाळीस व्यापारी, स्वखुशीनं, सही-शिक्क्यानिशी. दंडाला धरून बसमधी बसवलेलं पोरगं आलं. उदरातले हिशोब आले. स्वाभिमानी संगणक आला. आन शेवटी पडद्यावर हे एवढ्या अक्षरात: 'करके जाएँगे कहाँ?'

अरुणकुमारच्या हातातला घास हातातच ऱ्हायला.

शेअर त्या दिवशी जेवढं पडायची परवानगी हाय तेवढं पडलं. दुसऱ्या दिवशी बाजार उघडला की परत तेवढंच. हे विकायचं बटन दाबायलंय, दाबायलंय, अंगठा दुखायला लागला, पर घ्यायला कुणी पायजे न्हवं! पहिल्या दिवशी शेड गेलं. दुसऱ्या दिवशी मोटर. तिसऱ्या दिवशी चाकं, पट्टा, तवा. आठवड्यानं सिद्धलिंगनं हिशोब केला आन म्हणला, "आता पिठाची परात येईल. बारकी."

आन यार्डात काय चाललतं इचार! दिवाळी! हुबळीचं पोरगं परत आलं, निम्म्या दरात सॉफ्टवेअर द्यायला लागलं. सात वर्षांचे हिशोब मोकळे झाले. चन्नबसप्पा काकांनी तर जुना काटा पोटमाळ्यावरनं काढून तेला हळदकुंकू लावलं! जो तो अरुणकुमारच्या पाठीत थापा हाणायलाय.

"काय डोकं चालवलंस रे! आम्हाला वाटलं सत्कार करायलास, आन तू तर तेची तिरडी बांधलीस!"

"वाघ हाय वाघ!"

अरुणकुमारच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी. बसलिंगप्पा अण्णा म्हणले, "बघा, आनंद मावंना झालाय पोराला!" आन तेनी दोन पेढे तेच्या तोंडात कोंबले. रडणाऱ्या माणसाला पेढा गिळता येत न्हाई गड्या. तेला ठसका लागला, लोक अजून हसले.

आत्याला सांगायला तेनं चार दिवस लावले. मुडबीला गेला, दारात चपला काढल्या, आन तिथंच बसला. आत्या परातीपाशी व्हती. तेनं सगळं सांगितलं. तिनं थापलेली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. मग म्हणली, "जेवून जा."

शिव्या दिल्या असत्या तर हेचं वझं तरी हलकं झालं असतं. दिल्या न्हाईत.

आता खरी गोष्ट ऐक. परवा तेला दिल्लीहून फोन आला. तराजूचा वकील. हिंदीत बोलायलता, आवाज असा गोड की फोनला मुंग्या लागाव्यात.

"अरुणकुमारजी, आम्ही वर अपील केलंय. तुमचा कागद आम्ही वाचला. तो तर सत्काराचा कागद हाय न्हवं? कौतुकात माणूस वाढवून लिहितोच. तुम्ही एवढंच प्रतिज्ञापत्र द्या, की ह्यातलं अमुक वाक्य खरं न्हाई, भावनेच्या भरात लिहिलं. एक वाक्य बी पुरं. आमचा माणूस शुक्रवारी चार वाजता तुमच्याकडं येईल."

"मग शेअर वर जाईल?"

"मी वकील हाय, ज्योतिषी न्हाई. पर हुकुमाला स्थगिती मिळाली, तर बाजार खूश होतो. एवढं तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त कळतंय."

अरुणकुमार उडालाच! मानपत्रातलं एक खोटं वाक्य? अगा, तेच्या मानपत्रात खरं वाक्य हुडकायला दिवा लावावा लागतो! तेनं फोटोची प्रिंट काढली, लाल पेन घेतला आन बसला.

एकमेवाद्वितीय? व्हतं. दुसरं कुणीच न्हवतं.

हुबळीच्या पोराला दंडाला धरून बसमधी घातलं? घातलं. अरुणकुमारनंच तर खिडकीतनं तेची पिशवी आत दिलती.

हिशोब उदरात? व्हते. काटा? संगणक बंद पडायचा, तेनं स्वतः चार वेळा चालू केलाय. दर तिप्पट? पावत्या हैत. हूं की चूं? न्हाई केलं.

करून जाणार कुठे? ...

दोनदा वाचलं. उलटीकडनं वाचलं. लाल पेन कागदाला टेकलाच न्हाई. जलमभर शेकड्यानं मानपत्रं लिहिली, एकात बी खरं न्हवतं. आन जिथं एक, फकस्त एक खोटं वाक्य पायजे व्हतं, तिथं ह्या येड्यानं ओळ न् ओळ खरी लिहून ठेवली!

मग तो परत मुडबीला गेला. म्हणला, "आत्या, खोटंच लिहून देतो की 'खोटं लिहिलतं.' तुझी मशीन परत येण्याची थोडी तरी आशा हाय. पर यार्डातले त्रेचाळीस जण तोंडघशी पडतील, अपिलात हुकूम उलटला तर कुलपं परत लागतील, अण्णा कामावरनं काढतील. तू सांग, काय करू?"

आत्यानं हाताचं पीठ झाडलं आन म्हणली, "तुझ्या मामाला ट्रकनं उडवलं तवा समोरच्या हॉटेलवाल्यानं बघितलतं. पोलिसाला तेनं खरं सांगितलं. कोर्टात म्हणला, ट्रक हळू व्हता, मी आधी चुकून बोललो. तेच्यापायी नऊ वर्षं गेली. मी तेच्या दारात जाऊन काय काय शिव्या दिल्या, तुला काय सांगू! नंतर कळलं, तेची पोरगी दवाखान्यात व्हती, ट्रकवाल्यानं बिल भरलतं."

"म्हणजे देऊ नको म्हणायलीस?"

"मी कुठं काय म्हणले? तुझी सही हाय, तू बघ." आन उजवा हात डाव्या हातात घेऊन ती मनगट दाबत बसली. "फकस्त जे करशील ते माझ्यासाठी केलं असं कुणाला सांगू नको."

एवढं बोलून तिनं पुढचा गोळा परातीत घेतला. आता डाव्या हातानं थापायला शिकायलीय. भाकऱ्या वाकड्या व्हायल्यात, खानावळीवाला निम्म्या परत पाठवायलाय.

आज शुक्रवार. वकिलाचा माणूस बीदरहून निघालाय, तिकडनं फोन आलता. अरुणकुमार दुकानात बसलाय, समोर कोरा स्टॅम्प पेपर, तोंडात पेनाचं टोपण. मला म्हणला, तू जा, कुणाला तरी इचारून ये. म्हणून तुझ्याकडं आलोय. चहा पी आता, आन खरं सांग, पाऊण तास हाय आपल्याकडं: तू तेच्या जागी असतास तर काय केलं असतंस?